टर्नवरची रेज आणि विजेची सौना

ती. हेलेवी आक्का,

तुला साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही ठीक. तळ्यावरचं बर्फ गेलं, डास आले.

तुला वाटतं मी संगणकावर जुगार खेळतो. अगं, चार-चार सेंटांचा पोकर तो. बोली ठरलेली, फक्त चौथं पान उघडलं (त्याला टर्न म्हणतात) की दुप्पट होते. नेमकं तिथेच माझं घोडं पेंड खातं. एक्क्यांची जोडी घेऊन मी ऐटीत बोली लावतो, समोरचा मुकाट्यानं तेवढेच पैसे भरत येतो आणि टर्नला एकदम रेज करून बोली वाढवतो. मला वाटतं, लेकाचा थापा मारतोय. मी भरतो, पाचव्या पानालाही भरतो (एकदा भरल्यावर माघार कसली), आणि तो दोन जोड्या काढून दाखवतो.

मार्युत शेजारी मोजे विणत असते. परवा म्हणाली, "अहो, आपला शेजारी वर्षानुवर्षं गप्प असतो. तो आपणहून दार वाजवायला आला, तर थापा मारतोय म्हणाल, की बाहेर काय पेटलंय ते बघाल? चार सेंटांसाठी कोण नाटकं करतंय? टाका ती पानं, सोडा डाव." बायको बरोबर बोलत होती, म्हणून मी चिडलो. शेवटी पैज लागली. युहान्नुसच्या सणाआधी मी नुसत्या एका जोडीवर टर्नची रेज भरली, तर यंदाचा सण आपल्या तळ्यावर नाही, तिच्या भावाकडे, योर्माकडे. आक्का, योर्माची सौना विजेची आहे. बटण दाबायचं आणि वाफेत घाम गाळायचा. आपल्यासारखा लाकडांचा धूर नाही, तळं नाही, बाहेर आलं की समोर लोकांच्या गाड्या. माझा जीव टांगणीला लागला.

काल 'वाळका मासा' नावाच्या कुणी गड्यानं टर्नला रेज केली. माझ्या हातात एक्के. मार्युत विणायची थांबली. मी पानं टाकली, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं मग आपली उघडून दाखवली: सत्ती नि दुर्री, जुळलेलं काहीच नाही. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. सण वाचला होता. मार्युतनं वेलदोड्याचा पाव पुढ्यात ठेवला, बोलली मात्र काही नाही.

तेव्हा युहान्नुसला तळ्यावर ये.

तुझा धाकटा,
ऑस्मो

ता. क. मार्युत आत्ता बोलली. वाळका मासा म्हणजे योर्मा. पैजेचं तिनंच त्याला सांगितलं होतं. बिचारा रिकाम्या हातानं रेज करत होता, मी भरावी आणि पैज हरावी म्हणून. त्याची बायको, आपली रित्वा वहिनी, वारल्यावरचा त्याचा हा पहिलाच सण. "या" म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हा खटाटोप. मला फार वाईट वाटलं.

ता. ता. क. तळ्यावर येऊ नकोस, योर्माकडे ये. आणि विजेबद्दल तिथे चकार शब्द काढायचा नाही. मी त्याला फोन करून थाप मारली, की दुसऱ्याच एका डावात रेज भरून बसलो, पैज हरलो, आता येणं आलं. तो म्हणाला, "बरं." मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आताच लावून ठेवू का सौना?" सण अजून दोन आठवड्यांवर आहे.