कच्च्या शिध्याची खरेदी

श्रावण शुद्ध षष्ठी, बडोदे. दिवेलागण.

सूनबाई, मी सांगते तस्सं लिही, मध्ये हसायचं नाही.

आमचे चिरंजीव माधवराव कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि उद्यापासून चूल बंद म्हणाले. म्हणे, विस्तवानं अन्नातला जीव जातो. आज घडियाळी पोळ या गल्लीतल्या दुकानातून सगळा कच्चा शिधा घेऊन आले. मूग, शेंगदाणे, खजूर, नारळ, पोहे आणि गुळाची ढेप. मला मेलीला गप्प बसवेना. म्हटलं, "अरे माधवा, साळ भिजवून भाजल्याशिवाय पोहे होतात का? आणि गूळ काय उसाला लागतो? रस कढईत आटवतात!"

झालं. पोहे परत, गूळही परत. चेष्टा त्याची करायला गेले आणि गूळ माझा गेला. एवढी पिवळीधमक ढेप! काय गरज होती बोलायची?

मग त्यानं तुपाची बरणी उचलली. "आई, तूपसुद्धा कढवतात ना?"

आता तूपही चाललं! म्हटलं, "छे रे! लोणी उन्हात ठेवलं की आपोआप तूप होतं."

पटलं त्याला. एवढा शिकलेला, पण चार दिवसांत ऊन पडलेलं नाही हे काही ध्यानात आलं नाही. बरणी खाली ठेवून गेला. गूळ नाही तर नाही, तूप तरी वाचवलं, म्हणून मी ऐटीत बसले होते. तर ही सूनबाई लेखणी थांबवून विचारते, "सासूबाई, तूप वाचलं खरं, पण आता भात नाही, पोळी नाही. वाढू कशावर?"

हे लिहू नकोस म्हणतेय, तर लिहितेच आहे.