मोठी सॅक बदलायला नेते आहे

ठमाबाई,

तुझी मोठी सॅक दुकानात घेऊन चालले आहे, बदलून लहान आणते. तंबू आणि स्टोव्ह तुझ्या पलंगावर काढून ठेवलेत. चहा थर्मासमध्ये आहे. तो पी आणि मग हवी तेवढी चिड.

तू उद्या चाललीस त्याच यात्रेला माझा थोरला भाऊ असंच सगळं घर पाठीवर घेऊन पायी निघाला होता. कुणाकडे काही मागायची वेळच आली नाही त्याच्यावर. शोधायला गेलो, तर वाटेतल्या एकाही घरात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. आईने मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावली नाही.

मला खुशाल घाबरट म्हण. पण तू पाणी माग, अंथरूण माग, रोज कुणाचं तरी दार वाजव. “हो, पोरगी काल इथेच होती,” असं सांगणारं माणूस मला हवंय.

आजी