शाई लागलेलं बोट

मस्कत, २० फेब्रुवारी १९७७

ती. कलाताईस बुधाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी खुशाल. सिमेंटनं हाताची सालं निघालीत, बाकी ठीक. आमचा मुकादम ग्रीस देशाचा. तो म्हणतो, लोकांनी राज्य करायची रीत पहिल्यांदा त्याच्या मुलखात निघाली, लय जुन्या काळी. हात वर करून मत द्यायचे. बायकांना अन् गुलामांना नव्हतं. मी सांगितलं, माझ्या आईला आहे!

रेडिओवर ऐकलं, इलेक्शन लागलं. दर वेळी सरपंचाची माणसं आपल्या वस्तीची मतं परस्पर टाकून येतात. औंदा आईला घेऊन सकाळीच पहिल्या नंबरला जा. भिऊ नको. मत गुप्त असतं, कुणाला दिलं ते कळत नाही.

माया पातळ करू नको.

तुझा बुधा

मु. खडकवस्ती, जि. नाशिक, ५ एप्रिल

चि. बुधास ताईचा आशीर्वाद.

दोघी जाऊन मत देऊन आलो. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. कुणाला दिलं हे कोण विचारतो रे शहाण्या? दिलं, हाच गुन्हा. शाईचं बोट लपवणार कुठं? दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या मळ्यात कांदे काढायला गेलो, तर बांधावरच हात दाखवायला लावले अन् माघारी धाडलं. आम्हाला विहीर बंद केली. पाणी पाटावरून आणतो. चावडीपुढं येऊन चुकलं म्हणा, असा निरोप आहे. आई जात नाही. दिल्लीचं सरकार पडलं म्हणतात. इथं सगळं जागच्या जागी आहे.

जपून राहा.

तुझी ताई

मस्कत, २ जून

ती. ताईस जयभीम, वि. वि.

पासपोर्ट मालकाच्या कपाटात, नाहीतर आजच निघालो असतो. मुकादम रोज विचारतो, आईनं मत दिलं का. हो म्हणतो, पुढचं सांगत नाही. ताई, माझं ऐक. लिंबानं घासून शाई काढ. आईला चावडीवर ने. एक शब्द बोलायचा अन् मोकळं व्हायचं.

रागावलीस तरी लिहीत जा.

बुधा

खडकवस्ती, ११ ऑगस्ट

चि. बुधास आशीर्वाद.

घागर घेऊन येताना पाटाच्या उतारावर आई पडली. डावा हात मोडला. नाशकाला नेऊन प्लास्टर घातलं, बोटं तेवढी बाहेर आहेत. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर भिंतीकडं तोंड करून निजली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बुधाला विचार, माझं चुकलं काय.

मी काय लिहू?

नख वाढून शाई टोकाला आलीय. बाकीची नखं मी कापली. त्या बोटाला हात लावू देत नाही.

माया होती तशीच असू दे.

तुझी ताई