सांता लिदियाची लाल माती आणि माझा भाऊ फुल्व्हिओ

मी ओत्ताविओ मेंगारेल्ली, वय वर्षे त्र्याऐंशी, अविवाहित, राहणार कौलभट्टीमागचे घर, सांता लिदिया, नोटरीबाईंसमोर हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी कालच लिहून दिले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला का होईना, घरी कोणी यावे असे कधीकधी वाटते.

१. घर व भट्टीची पडीक जागा माझा पुतण्या इव्हानो, म्हणजे माझा धाकटा भाऊ कै. फुल्व्हिओ याचा मुलगा, याला द्यावी. अट काही नाही.

२. माती दाबायचा लोखंडी रूळ, ती सारखी करायची जाळी व रेषा झाडायचे दोन ब्रश शाळेला द्यावेत. आमच्या भट्टीतली फुटकी कौले दळून १९५१ साली गावच्या टेनिस क्लबची चार लाल मैदाने झाली आणि पुरुषांची टेनिस स्पर्धा सुरू झाली. दर मे महिन्यात परदेशी खेळाडू यायचे, आमच्या आईच्या हातचे माशांचे कालवण बोटे चाटून खायचे. मैदाने मी राखायचो, सामन्यात रेषेवर पंच म्हणून बसायचो. पुढे मोठे खेळाडू येईनासे झाले. १९८९च्या अंतिम सामन्याला प्रेक्षक अकरा, त्यातला एक झोपलेला. ती शेवटची स्पर्धा. आता तिथे मोटारी उभ्या असतात.

३. क्लबच्या ज्या चिटणीसाने मैदाने विकली, त्याच्या वारसांना काही देऊ नये. मागितले तरी.

४. हे कलम इव्हानोसाठी आहे.

इव्हानो, १९७४ साली तुझा बाप अंतिम सामन्यात पोचला. आपल्या गावचा तो पहिला आणि शेवटचा. पाचव्या सेटमध्ये जिंकायला एकच गुण हवा होता. त्याने मारलेला चेंडू माझ्या रेषेपाशी पडला. मी ओरडलो, "बाहेर!" मुख्य पंच मातीवरची खूण बघायला उतरले, पण समोरच्या खेळाडूचा बूट नेमका तिच्यावरून घसरला होता. त्यांनी मला पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. त्यानंतर फुल्व्हिओ हरला.

"आईला काय सांगू? सख्ख्या भावानं हरवलं म्हणून?" एवढेच तो मला म्हणाला.

आई म्हणाली, "बोटभर बाहेर होता म्हणतोस. मग बोटभर नजर फिरवता आली नाही तुला?"

फुल्व्हिओने माझ्याशी बोलणे टाकले ते एकोणतीस वर्षे. मग इस्पितळातून निरोप आला. मी खाटेशी बसलो. तू बाहेर औषधे आणायला गेला होतास.

"ओत्ता, आता तरी खरं सांग. आत होता ना?"

"हो रे. आत होता."

"म्हणजे जिंकलो होतो मी!"

"जिंकला होतास."

"हरामखोरा," तो म्हणाला आणि हसला. माझा हात मात्र त्याने सोडला नाही.

त्याने तुला ते सांगितले असणार. दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि तू मला दारातच अडवलेस. "काका, इतकी वर्षं खोटं बोललात? पुन्हा आमच्याकडे येऊ नका." मी आलो नाही. खुलासा करायचा तर त्याचा विजय काढून घ्यावा लागला असता.

चेंडू बाहेरच होता, पोरा. गावात कोणाला सांगू नकोस. मला लबाड म्हणतात ते म्हणू देत.

५. माझे दफन साधे करावे; कसे ते क्लबच्या जुन्या माळ्याला सांगून ठेवले आहे. मी गेल्यावर तिसाव्या दिवशी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना होईल. पहिला बाक घरच्यांचा असतो. इव्हानो, जमले तर तिथे बस. प्रार्थना येत नसेल तरी चालेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही: ओत्ताविओ मेंगारेल्ली

साक्षीदार:
१. देल्फिना ओर्तोलानी, नोटरी कार्यालयातील टंकलेखिका.
२. सान्ते ब्रुस्कीनी. स्वतःच्या कामासाठी आले होते. ओळखीचे कोणी न मिळाल्याने विनंतीवरून थांबले.

सांता लिदिया, दि. ९ मार्च २०१६