ग्लेनिसची पिशवी, माझी सिस्टिम

३ फेब्रुवारी, सोमवार
ग्लेनिस सिस्टर आजपासून सहा आठवडे रजेवर. बरीच वर्षं नोकरी केली की मिळते ती मोठी रजा. डायलिसिस वॉर्डातलं प्लास्टिक आता माझ्या हाती.
तिची पद्धत म्हणजे खुंटीला टांगलेली, जुन्या चादरीची एक पिशवी. नर्सेस त्यात सलाईनच्या रिकाम्या पिशव्या टाकतात, ट्रक नेतो, कंपनी त्यांचे बागेचे पाईप करते. तीन वर्षं असंच. ना चार्ट, ना पोस्टर. मी वॉर्डचा क्लार्क असलो तरी मला व्हिजन आहे.
जाताना म्हणाली, नॉर्मन, पिशवी भरली की तोंड बांध, बाकी काही करू नकोस रे बाबा. काही लोकांना दुसऱ्यावर काम सोपवताच येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
खुंटीवरची पिशवी काढली. चार रंगांचे चार डबे आले, निळा सलाईनच्या पिशव्यांसाठी. प्रत्येक डबा थर्माकोलमध्ये, वर बबलरॅप, वर आणखी प्लास्टिक. मागचं अंगण भरलं. ही गुंतवणूक आहे.
चाळीस पोस्टर्स लॅमिनेट केली. 'प्लास्टिक टाळा.'
चार नंबरच्या खुर्चीवरचा पेशंट लेस्टर विचारत होता, पाईप कधी येणार. कंपनीने पहिला पाईप हॉस्पिटलच्या बागेला कबूल केलाय आणि तिथले टोमॅटो लेस्टरचे. डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताने त्याला बादली उचलायची बंदी आहे. त्याला म्हटलं, ईस्टरच्या आत. माझा शब्द.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
टी-रूमच्या फ्रिजमधलं माझं दूध पुन्हा कोणीतरी प्यायलं. आजपासून माझ्या प्रत्येक खाण्यावर स्टिकर: 'नॉर्मन. हात लावू नये.' सँडविचवरसुद्धा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
कंपनीची चिठ्ठी. सलाईनच्या पिशव्यांत खरकटं सापडलं. अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की ट्रक बंद. ग्लेनिसच्या काळात एकही आली नव्हती, पण तेव्हा तपासत नसणार.
संशय: दुपारच्या पाळीच्या नर्सेस.
उपाय: निळा डबा माझ्या टेबलाशेजारी. दुपारचं जेवणही इथेच, पहाऱ्यावर.

५ मार्च, बुधवार
दुसरी चिठ्ठी. टोमॅटो सॉस!
कसं शक्य आहे? पंधरा दिवस मी टेबल सोडलेलं नाही. एका हातात मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, डोळे नर्सेसवर. मीट पाय संपला तरी नजर हलवत नाही. त्याचा कागद न बघता टाकतो, इतकी एकाग्रता.
एक नर्स म्हणाली, नॉर्मनदादा, जरा खाली पण बघत जा. तिचं नाव यादीत सर्वांत वर घेतलं.

१९ मार्च, बुधवार
ग्लेनिस परवा कामावर आली. आज तिसरी चिठ्ठी. ट्रक बंद. सोबत फोटो.
तिने ते माझ्या टेबलावर मांडले, एकेक करून. सलाईनच्या पिशव्यांमध्ये मीट पायचे कागद, सँडविचचं प्लास्टिक. अकरा फोटो, अकरा स्टिकर. सगळ्यांवर माझं नाव, माझंच अक्षर.
मी म्हटलं, हे त्या फ्रिजमधल्या दूधचोराचं काम. यावर लेस्टर खुर्चीवरून म्हणाला, चोर जेवण नेतो रे, खरकटा कागद तुझ्या पायाशी आणून ठेवत नाही. सगळा वॉर्ड हसला. ग्लेनिस हसली नाही. तीन वर्षं, एवढंच म्हणाली.
संध्याकाळी खिडकीतून लेस्टर दिसला. चहाच्या मगाने टोमॅटोंना पाणी घालत होता. एक मग, परत नळ, परत एक मग. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

२ एप्रिल, बुधवार
ग्लेनिसने दोन आठवडे फोन करून कंपनीला मनवलं. ट्रक पुन्हा येणार, आधी दोन महिने चाचणी म्हणून. पाईप ईस्टरला नाही, पण येईल. चादरीची पिशवी परत खुंटीवर.
कंपनीची अट एकच, तीही लेखी: नॉर्मन नावाच्या कर्मचाऱ्याने पिशवीपासून पाच मीटर दूर राहावं. खाली माझी सही हवी होती. केली.
टेबल आता स्टोअररूममध्ये. माझे चारही डबे तिथेच, वर माझं पोस्टर. जेवण झाल्यावर मीट पायचा कागद हातात घेऊन पोस्टर नीट वाचलं. दोनदा वाचलं.
कुठल्या डब्यात टाकायचा ते त्यात लिहिलेलंच नाही. कागद खिशात घालून घरी आणला.