उजव्या पायाचा गिअर

बाबा, गाडी सुरू आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. नाहीतर तुमची सवय मला ठाऊक आहे, बोलणं अर्धवट सोडून चपला घालायच्या आणि स्वतः जाऊन बघायचं. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं ती नालवाडीच्या घरी छपरीत, जुन्या चादरीखाली उभी होती. दर रविवारी आई चादर काढायची, टाकी पुसायची, आरशावर हात फिरवायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. मी म्हणायचे, असू दे गं, बाबांची आठवण आहे. आई यावर काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचं मत पक्कं झालेलं असतं, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत होतं.

तुमची नोकरी आष्टीला होती तेव्हाची सकाळ मला अजून लख्ख दिसते. नव्वदीची सुरुवात असेल, मी सातवी-आठवीत. स्वयंपाकघरात आई ज्वारीची भाकर थापते आहे, तुम्ही दारातल्या पाटावर बसून चहा बशीत ओतून पिता आहात, आणि अंगणात बुलेट उभी आहे. तिच्या डाव्या अंगाला लोहाराकडून वाकवून घेतलेलं लोखंडी कडं, आणि त्या कड्यात नायट्रोजनचा डबा. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर यायची. त्या डब्यात जातिवंत सांडांचं वीर्य गोठवून ठेवलेलं असायचं, आणि तुम्ही गावोगाव फिरून गाई-म्हशी गाभण करायचात. तुमच्या हुद्द्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि पाठ फिरली की, "साहेब डब्यात सांड घेऊन फिरते." शाळेतली पोरं मला सांडवाल्याची पोरगी म्हणायला लागली. मी रडत घरी आले, तर तुम्हाला हसून हसून ठसका लागला. "अवं, खोटं काय हाये त्यात?" म्हणालात. रविवारी डबा उतरवला की आई त्याच कड्यावर पाय ठेवून मागे एका बाजूला बसायची, आणि तुम्ही दोघं आंजीला मावशीकडे जायचात. मला टाकीवर बसवायचात तेव्हा मी लहान होते, नंतर मी घरीच राहायचे.

रोज निघताना तुम्ही किक हळूच दाबायचात आणि हेडलाइटवरच्या छोट्या मीटरकडे बोट दाखवून विचारायचात, "काटा मधात आला का?" तुम्हाला काटा दिसत होताच, तरी विचारायचात. मी "आला" म्हटलं की एक किक, आणि गाडी बोलायला लागायची. खोल आणि मऊ आवाज, घरात कुणी सावकाश जातं ओढावं तसा. त्या आवाजावरून मी तुम्हाला गल्लीच्या टोकापासून ओळखायचे.

आणि तो दुसरा दिवसही सांगायलाच हवा. मी अकरावीत होते. स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून उजव्या पायाने गिअर टाकून बघत होते. तुमच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी, बाकीच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. तुम्ही मागून आलात आणि आईसमोर, शेजारणीसमोर म्हणालात, "पाय टेकत नाई जमिनीले, अन् बुलेट पायजे हिले. उतर." त्याच आठवड्यात चुलतभावाला शिकवलीत. तो माझ्याहून लहान, पण तंगड्या लांब. बाबा, तो राग माझा अजून गेलेला नाही. माणूस गेला म्हणून त्याचं सगळं माफ होतं, असं मी मानत नाही. आणि माझी उंची काही आकाशातून पडली नव्हती. तुमच्याही टाचा कधी टेकायच्या नाहीत, नुसते चवडे टेकायचे, हे मी पाहिलेलं होतं.

पुढे मी बियाण्यांच्या शेतांची तपासणी करायच्या नोकरीला लागले. पांदणीतून शेतात शिरायचं तर तिथे स्कूटी चालत नाही, म्हणून शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. पाच फुटाला दोन बोटं कमी अशी बाई मोटरसायकलवर बघून लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. एका रविवारी आईने पुसायचं फडकं टाकीवरच ठेवून दिलं. "मी किती दिवस पुसू हिले? एक तं चालव, नाई तं तुया भावाले देऊन टाक. वरातीले भाड्यानं देईन तो, पन फिरन तरी." चुलतभाऊ टपलेलाच होता, त्याने पिवळा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. मग आईने मनातलं सांगितलं. "मले आंजीले जायचं हाये तुया मावशीकडे. हिच्यावर बसून." झालं. गाडी घरात ठेवायची तर आईला तिच्यावरून आंजीला नेता आलं पाहिजे होतं, आणि मला ती तुमचीच गाडी राहायला हवी होती.

फाट्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या अंगात आलं. "मॅडम, राइटचा गिअर आता कोन चालवते? लेफ्टले घेऊन देतो. सायलेन्सर बदलवू, आवाज असा करू का इथं स्टार्ट केली तं सेवाग्रामले समजन." मी म्हटलं, सीट खाली घ्या, मागचे शॉकअप आखूड टाका, हँडल माझ्याकडे वळवा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. गिअर उजवीकडेच राहील, आवाज हाच राहील, आणि ते डब्याचं कडंसुद्धा राहील. "आपलं काय जाते," तो म्हणाला, "तुमी म्हनान तसं." तोंड मात्र असं केलं, जसं मी त्याला जेवायला बोलावून नुसतं पाणी पाजलं.

माझे चवडे टेकले, बाबा. ज्या दिवशी पहिल्यांदा टेकले त्या दिवशी मी एकटीच छपरीत किती तरी वेळ गाडीवर बसून होते. मग सकाळी सकाळी गल्लीत, मग रिंगणासारख्या फेऱ्या, मग मोठा रस्ता. चवड्याने वर उचलला की पहिला, मग खाली, खाली, खाली. दर गिअरला तुम्ही आठवायचात. माझा पाय तुमच्या पायाच्या जागी पडतो आहे, असं वाटायचं. गाडीचा स्वभाव म्हणतात तो हाच, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. ती आपल्याकडे वळणार नाही, आपणच आपल्या सवयी मोडून तिच्याजवळ जायचं. तुमच्याजवळही तसंच जावं लागायचं. आणि त्यात "उतर" म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी दाखवायची खुमखुमीही होती, ती लपवून काय उपयोग?

दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. आई मागे बसलेली, पाय कड्यावर, मांडीवर मावशीसाठी चकल्यांचा डबा. आंजी जवळ आलेली, आणि समोरून ढोरं गावाकडे परतत होती. एक वासरू रस्त्याच्या मधोमध येऊन थांबलं. मी ब्रेक दाबला. म्हणजे माझ्या उजव्या पायाने रोजच्या गाडीच्या सवयीने दाबला, आणि बुलेटने इमानदारीत वरचा गिअर घेतला. गाडी थांबेना. मी आणखी जोराने दाबते आहे, आणि ज्याच्याखाली खरा ब्रेक आहे तो डावा पाय स्वस्थ बसलेला. शेवटी हातातला ब्रेक करकचून ओढला, मुरमावर पुढचं चाक घसरलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. माझा गुडघा सोलला. आईचं कोपर फुटलं, चष्म्याची एक काच तडकली. ती रस्त्यावर बसून पदर सावरत होती, आणि तिच्याकडे बघायची माझी छाती होईना. माझ्या हट्टापायी मी तिला मारलं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गुराख्याने गाडी उचलून बाजूला लावली, आईला पाणी दिलं. मी आपली बडबडत होते, माझा पाय चुकला, माझा पाय चुकला.

"तुया पाय नाई चुकला," आई म्हणाली. "गाडी उलटी हाये. गिअर लेफ्टले काऊन नाई घेतला? तो मेकॅनिक पोट्टा तं सांगून राह्यलता."

"बाबाची गाडी हाये ना, आई. होती तशीच राह्यली पायजे."

आई कोपरावरची माती झटकता झटकता थांबली. "होती तशी? हे ढोरं पाह्य. इतकं झालं, एक तरी बिचकलं का? पयले अशी नव्हती ही. धडाधड वाजे. आष्टीले एका म्हशीनं आवाज ऐकला अन् खुट्टा उपटून पयाली. दोर धरायले गेले तं तुये बाबा उकिरड्यात. मंग नागपूरले गेले अन् सायलेन्सर बदलवून आनला, आतमधी काय काय भरून. दोस्त हासले त्यायले, म्हने बुलेटची शेळी केली. त्यायनं कोनाचं ऐकलं नाई."

मी म्हटलं, मला हे कधी कुणी सांगितलं नाही.

"तू लहान होती. तुले तोच आवाज खरा वाटे," ती म्हणाली. मग तडकलेल्या काचेतून माझ्याकडे बघत, अजिबात न रागावता तिने विचारलं, "त्यायनं ढोरासाठी गाडी बदलवली, बाई. तू मायसाठी नाई बदलवत?"

बाबा, मी चकल्यांचा डबा उचलला आणि आईला हात देऊन उठवलं. त्या रात्री मावशीकडे हळद लावलेला गुडघा घेऊन पडले होते आणि झोप येत नव्हती. ज्या आवाजाला मी कुणाला हात लावू देत नव्हते, तो तुम्ही स्वतःच बदलून आणलेला. कारखान्यातून आलेला तिचा आवाज मला आठवतच नाही, आणि आता ऐकायची इच्छाही नाही. कडं लोहाराचं, सायलेन्सर नागपूरचा, आईचे पाय टेकावेत म्हणून ते कडंही तुम्ही नंतर दोन बोटं वर घेतलं होतं, हे मावशीने त्याच रात्री सांगितलं. तुम्ही तिला सारखे हात लावत होतात, ज्याला जी अडचण असेल तसे. तरीही ती लांबून ओळखू यायची. आणि मी तुमची आठवण जपते म्हणत म्हणत तिला चादरीखाली उभ्या असलेल्या दिवसांसारखीच ठेवायला बघत होते. मला तुमचा रागही आला. "उतर" म्हणायच्या ऐवजी सीट दोन बोटं खाली घेतली असती तर? म्हशींसाठी नागपूरला जाता आलं तुम्हाला. पण हे भांडण मी एकटीनेच केलं, कारण आई घोरत होती.

मग गिअर डावीकडे आणला आणि ब्रेक उजवीकडे. मेकॅनिक म्हणाला, "मी तं पयलेच सांगतलं होतं," आणि हे वाक्य त्याने काम संपेपर्यंत निरनिराळ्या प्रकारे म्हटलं. आडवा दांडा टाकून उजवीकडचं काम डावीकडे घेतात. खरं सांगू? तो खटका आता पहिल्यासारखा साफ बसत नाही. न्यूट्रल शोधावा लागतो आणि चौकात मागचे लोक हॉर्न वाजवतात. काहीतरी गेलंच त्यात, ते नाही म्हणणार नाही. सायलेन्सर मात्र तोच ठेवला, नुसता साफ करून घेतला. आणि किक मारण्याआधी काटा मधात येतो का, ते मी अजून बघते.

मागच्या रविवारी आईला घेऊन पुन्हा आंजीला गेले. नवा चष्मा, पाय कड्यावर, आणि पूर्ण रस्ताभर माझ्या कानाशी बोलणं. थंडीचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना तूर, रस्ता मोकळा. मी एकदा गाडी चौथ्यात घेतली आणि आई म्हणाली, "हळू गं," पण तिला हळू नको होतं, हे मला पाठीवरच्या तिच्या हातावरून कळत होतं. मावशीच्या अंगणात स्टँड लावला तेव्हा मावशी बाहेर येऊन म्हणाली, "बापाची गाडी आनली का वं?" आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की घरून निघाल्यापासून तुमची आठवण मला एकदाही आली नव्हती. एकाही गिअरला नाही. मला एकदम अपराधी वाटलं. मग मी चहा प्यायले, आणि ते अपराधी वाटणंही थोड्या वेळाने गेलं.

हे आईला सांगितलेलं नाही. हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्ही समोर असता तर तुम्हालाही बोलले नसते. मला त्या दिवशी फार मजा आली, बाबा.