तुझ्याऐवजी मी शाळेत गेले

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अकोला,
गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५

चि. प्रणालीस,

आईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालते. थंडी आहे. बाबांचा गुडघा धरतो, पण तेल लावू देत नाहीत. नव्या तुरीची डाळ करून ठेवली, औंदा दाणा चांगला आहे.

तुझा फोन लावला की क्षेत्राबाहेर आहे असं एक बाई सांगते. म्हणून पत्र लिहिते. तुझा अमोलदादा उद्या अमरावतीला परत चालला, त्याच्याजवळ देते. परतवाड्याहून तुझ्या सेमाडोहला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरजवळ देईन म्हणतो.

कारण असं की मूर्तिजापूरच्या आपल्या शाळेतून गजेंद्र सरांचा फोन आला होता. ते आता मुख्याध्यापक झाले. पेपरात जंगलातल्या वनरक्षक मुलींचा फोटो आला, त्यात त्यांनी तुला ओळखलं. शाळेत माजी विद्यार्थिनीनं येऊन मुलींना चार शब्द सांगायचे असा कार्यक्रम होता, तर प्रणालीला पाठवा म्हणाले. मी म्हटलं, तिला सुटी नाही. तर म्हणतात, "मंग तुमीच या, वहिनी. तुमीबी आमच्याच शाळेतून मॅट्रिक झाल्या ना?" मला नाही म्हणता आलं नाही. देवाजवळ दिवा लावला अन् गेले. बाबा सोबत होते. एकटीच जाते म्हटलं तरी चप्पल घालून आधीच फाटकाजवळ उभे.

शाळा तशीच आहे. आम्ही सायकली लावायचो तिथे मुलींसाठी संडास बांधले, ते चांगलं केलं. मला शाल-नारळ दिला. शाल जाड आहे, कोणाला द्यायला कामी पडेल. नारळ उद्या संकष्टीला फोडीन.

मी दोन गोष्टी ठरवून गेले होते. रोज थोडं वाचावं, आणि खर्च लिहून ठेवावा म्हणजे हात आखडतो. पाच मिनिटांत दोन्ही संपल्या. बारावीच्या पोरी माझ्याकडे पाहून राहिल्या, मी त्यांच्याकडे. सर म्हणाले, प्रश्न विचारा काकूंना. मग काय, सगळे प्रश्न तुझेच.

"काकू, ताईनं वाघ पायला का?"

पाहिला म्हटलं.

"किती जवळून?"

मी फळ्याकडे बोट केलं. "तुह्या बाकापासून तो फळा आहे ना, तितका." तू वाघ पाहिला की नाही मला काय माहीत. मला तर तू कोणत्या खोलीत राहतेस, काय जेवतेस, तेही अमोलच्या तोंडून कळतं. पण पोरी श्वास रोखून ऐकत होत्या.

मग मधल्या बाकावरची एक उभी राहिली. आचल नाव तिचं. सडपातळ, दोन वेण्या. बाकीच्यांसारखी हसत नव्हती.

"काकू, तुमी तिले जाऊ देल्लं का? का घरचे नाही म्हणत होते?"

वर्गात सगळ्यांत मागे, मास्तर लोकांच्या खुर्च्यांत, तुझे बाबा बसले होते.

मी म्हटलं, "आमीच पाठवलं. खुशीनं. तिच्या बाबानं एसटी स्टँडपर्यंत तिची बॅग धरली."

टाळ्या पडल्या. आचल टाळ्या वाजवत नव्हती, नुसती पाहत होती. सरस्वतीच्या फोटोखाली उभी राहून मी हे बोलले. खरं तर त्या दिवशी तुला पाहायला आलेले पाहुणे बैठकीत बसले होते, पोहे झाले होते, अन् तू मागच्या दारानं निघाली. "गेली तर हे घर बंद," असं जे बाबा म्हणाले, त्यातलं काहीच मी पोरींना सांगितलं नाही. बाबांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत होते.

परतीच्या गाडीत ते फुटाणे खात बसले. बोरगाव मंजू आलं. मग म्हणतात, "कोणती बॅग होती?"

"कोणती?"

"मी धरली ती."

निळी म्हटलं.

"निळी नाही. मरून होती. तिचा एक बंद तुटला होता, गाठ मारेल होती." अन् खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "गच्चीवरून दिसली मले. वळणापर्यंत दिसली."

दोन वर्षं झाली प्रणू, त्या दिवशी ते गच्चीवर होते हे मला माहीत नव्हतं. पाहुण्यांना सोडायला गेले असं मी समजत होते.

इथवरच झालं असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण काल आचलच्या आईचा फोन आला. कौशल्याबाई. नंबर सरांनी दिला. आवाज करडा आहे.

"पोट्टी खाऊ देत नाही का जेवू देत नाही," म्हणतात. "बारावी झाली का तिच्यासाठी पाहुणे येऊन राहिले. अन् हे म्हणते मले भरतीले उभं राहाचं. प्रणालीताईच्या घरच्यायनं खुशीनं पाठवलं, तुमीच काहून अडवता, म्हणते. मी म्हटलं, आदी डोयानं पाहू कशी पोरगी आहे, अन् कसे घरचे आहेत. दोन तारखेच्या रविवारी येतो आमी मायलेकी. पटलं तर पाहुण्यायले थांबा म्हणतो. तुमची पोरगी घरी असन ना?"

मी म्हटलं, असते. रविवारी असतेच.

फोन ठेवला तर बाबा दारात.

"म्हणजे अजून एक खोटं."

"हो," म्हटलं.

"मंग आता खरं करा लागते. त्या पोरीचं लगन लागून जाईन नाही तं." एवढं बोलून पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आत ऐकू जाईल असं म्हणाले, "परतवाड्याची गाडी दुपारी येते. दोन वाजता. अमोलले विचार."

तू आमच्यासाठी ये असं मी म्हणत नाही. तो हक्क कोणाला किती उरला, ते तू ठरव. पण ती पोरगी उभी राहून विचारत होती, तेव्हा तिचा आवाज अगदी कोरडा होता. ती ताई खरी आहे का, एवढंच तिला पाहायचं आहे.

वर्दी आणायची असेल तर आण. रविवारी कौशल्याबाई अकरा वाजता येतील. तू शनिवारीच ये. बाबांना तुला अन् तुला बाबांना जे बोलायचं ते शनिवारी बोलून घ्या, भांडायचं असेल तर भांडून घ्या. मी मध्ये पडणार नाही. रविवारी घरात पाहुणे असतील.

शनिवारी दोन जणांचा नाही, तिघांचा स्वयंपाक टाकते.

आई